चिनी वनस्पति आणि यकृताचा कर्करोग

यकृताच्या कर्करोगावर चिनी वनस्पतींचें औषध चालतें काय, हा प्रश्न पूर्वीं आपल्याकडे कोणी फारसा विचारीत नसे. आतां तो विचारला जातो. बोरीवलीहून सकाळच्या गाडीनें परळच्या टाटा रुग्णालयाकडे निघालेलीं माणसें पाहिलीं, तर त्यांच्या पिशवींत तपासणीच्या कागदांबरोबर कोणीतरी सुचविलेल्या काढ्याची पुडी किंवा परदेशीं असलेल्या मुलानें पाठविलेली गोळ्यांची बाटलीहि पुष्कळदां असते. घरांतील एखाद्या वडील माणसाचें नांव या रोगाशीं जोडलें गेलें म्हणजे घरच्या मंडळींची बुद्धि एकीकडे ओढते आणि आशा दुसरीकडे. अशा वेळीं 'हें सारें थोतांड आहे' असें म्हणून मोकळें होणें जितकें सोपें, तितकेंच 'घेऊन तर पाहूं, नुकसान कांहीं नाहीं' असें म्हणणेंहि सोपें आहे. या दोन्ही उत्तरांनीं रोग्याचें हित साधत नाहीं. म्हणून या महिन्यांत या प्रश्नाचा जरा स्वस्थपणें विचार करण्याचें योजिलें आहे.

प्रथम आपल्याच घरांतील एका जुन्या समजुतीकडे वळूं. कावीळ झाली कीं डॉक्टरांचा उपयोग नाहीं, तिला गांवठी औषधच लागतें, असें आपल्या आजी-आत्यांच्या तोंडून आपण सर्वांनीं ऐकलेलें आहे. कोणी नाकांत कडू दोडकीचा रस पिळतात; कोणी डोक्यांत काविळीची माळ घालतात, ती जसजशी लांबत खालीं उतरते तसतशी कावीळ उतरली असें मानतात; कोणी अमक्या गांवच्या वैद्याकडे ठराविक वारीं अनशापोटीं घेऊन जातात. आणि यांतले बहुतेक रोगी बरेहि होतात! याचें कारण असें कीं, दूषित पाण्यावाटे व अन्नावाटे पसरणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए व ई या विषाणूंची कावीळ, बहुतेकांच्या बाबतींत कांहीं आठवड्यांनीं आपोआप ओसरते. (गर्भवती स्त्रीला मात्र ई प्रकारची कावीळ प्राणघातक ठरूं शकते, हें येथेंच सांगून ठेवतों.) रोग आपल्या पायांनीं जातो आणि यश माळेच्या पदरीं पडतें. यकृताच्या विकारांवर वनस्पतींखेरीज गति नाहीं, ही आपली दृढ श्रद्धा बऱ्याच अंशीं या आपोआप बऱ्या होणाऱ्या काविळीनें पोसलेली आहे.

बी व सी या विषाणूंची गोष्ट निराळी. ते रक्तावाटे, दूषित सुईनें, शरीरसंबंधानें, किंवा जन्माच्या वेळीं आईकडून मुलाकडे येतात, आणि कित्येकांच्या शरीरांत वीस-तीस वर्षें कांहींएक न बोलतां मुक्काम करतात. डोळे पिवळे होत नाहींत, भूक मंदावत नाहीं. आंतल्या आंत मात्र यकृताच्या मऊ पेशींच्या जागीं चिवट तंतूंचें जाळें वाढत जातें. त्यालाच सिऱ्होसिस म्हणतात. मद्यपान हें त्याचें एक कारण खरें. पण मधुमेह व स्थूलपणा यांबरोबर यकृतांत सांचणारी चरबी हेंहि दुसरें तसेंच कारण आहे. अशा निबर झालेल्या यकृतांत बहुतेक वेळां कर्करोगाचें बीज पडतें. बी विषाणूच्या बाबतींत तर सिऱ्होसिस होण्यापूर्वींहि पडूं शकतें. ज्यांनीं जन्मांत मद्याला स्पर्श केला नाहीं अशा सोंवळ्या गृहस्थांना हा रोग झाला म्हणजे घरच्या मंडळींना लोकांपुढें तोंड दाखविणें अवघड वाटतें. तसें वाटण्याचें मुळींच कारण नाहीं. पन्नास वर्षांपूर्वीं न उकळलेल्या सुईनें घेतलेलें एक इंजेक्शन एवढेंहि निमित्त पुरतें.

आतां चीनकडे जाऊं. एखादी वस्तु चिनी आहे म्हणून नाक मुरडण्याची, किंवा ती दूर देशाची व प्राचीन आहे म्हणून हुरळून जाण्याची, अशा दोन्ही संवयी आपल्याकडे आहेत. १९३८ सालीं भारतानें चीनच्या मदतीस जें वैद्यकीय पथक पाठविलें, त्यांतील पांच डॉक्टरांपैकीं नागपूरचे डॉ. चोळकर व सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस हे दोघे महाराष्ट्रीय होते. डॉ. कोटणीसांनीं १९४२ सालीं तिकडेच देह ठेवला. त्याच पथकांतील डॉ. विजयकुमार बसू यांनीं पुढें चीनमध्यें सुया टोंचण्याची विद्या शिकून ती कलकत्त्यास आणली. तेव्हां तिकडच्या वैद्यकाशीं आपला परिचय अगदींच परका नाहीं, आणि तो आदराचाच असावा.

या रोगावर चीनमध्यें इतका खटाटोप कां झाला, याचें कारण दुःखद आहे. जगांत यकृताचा कर्करोग होणाऱ्या माणसांपैकीं शंभरांत चाळीसांहून अधिक एकट्या चीनमधलीं असतात. बी विषाणूचा प्रसार तेथें फार होता. शिवाय शांघायजवळच्या चिडोंग नांवाच्या भागांत लोक दमट हवेंत बुरसलेला मका खात, आणि त्या बुरशींतील अफ्लाटॉक्सिन नांवाचें विष यकृतावर घाला घाली. तेथील इस्पितळांत शस्त्रक्रिया करणारा डॉक्टर व काढा देणारा वैद्य हे एकाच छपराखालीं काम करतात. 'फू झेंग' म्हणजे शरीराचें मूळचें बळ सांवरून धरणें, हें त्यांच्या वैद्यकाचें एक मुख्य सूत्र. आपल्या वैद्यांच्या बलरक्षणाच्या कल्पनेशीं तें पुष्कळ जुळतें. अशा ठिकाणीं वनस्पतींची कसोटी पाहण्याची संधि साहजिकच अधिक.

त्या कसोटीचें फळ काय निघालें? सर्वांत मोठें उदाहरण 'ह्वाय-अर' या औषधाचें. ह्वाय नांवाच्या झाडाच्या जुन्या खोडावर उगवणाऱ्या एका कडक बुरशीपासून तें करतात. चीनमधील ३९ रुग्णालयांतील १,०४४ रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा वृत्तांत २०१८ सालीं प्रसिद्ध झाला. या सर्वांच्या यकृतांतील गांठ शस्त्रक्रियेनें आधींच काढलेली होती. पुढें ९६ आठवड्यांत गांठ पुन्हां न उद्भवलेले रोगी औषध घेणाऱ्यांत शंभरीं सुमारें ६२ निघाले, न घेणाऱ्यांत सुमारें ४९. हा फरक लहान नाहीं. तथापि दोन गोष्टी विसरतां कामा नयेत. एक, हें औषध शस्त्रक्रियेच्या ऐवजीं दिलेलें नव्हतें, शस्त्रक्रियेनंतर दिलेलें होतें. दुसरी, कोणास औषध मिळत आहे हें रोगी व डॉक्टर दोघांनाहि ठाऊक होतें. दुसऱ्या गटाला औषधासारखी दिसणारी निरुपद्रवी पुडी दिलेली नव्हती. ज्या प्रयोगांत ही झांकली मूठ नसते, त्याच्या निष्कर्षावर थोडा बट्टा धरूनच चालावें लागतें. २०२२ सालीं चीननें वाढलेल्या अवस्थेंतील कांहीं रोग्यांसाठीं इकारिटिन नांवाच्या औषधास मान्यता दिली. त्याचें मूळ 'यिन यांग ह्वो' या जुन्या वनस्पतींत आहे. परंतु तें काढ्याच्या रूपांत नसून वेगळा काढलेला एकच पदार्थ आहे, आणि त्याची मात्रा मोजून ठरविलेली आहे.

दुसरें उदाहरण जपानचें. चिनी वैद्यकांतील एक प्राचीन सात औषधींचा काढा तेथें 'शो-साइको-तो' या नांवानें चालतो. त्यांत आलें आहे, ज्येष्ठमध आहे, आणि बोराच्या जातीचें एक फळहि आहे. बोरींच्या झाडांवरून आपल्या गांवास बोरीवली हें नांव पडलें असें सांगतात, त्या बोरीचेंच तें चिनी भावंड. ओसाका येथें सिऱ्होसिस झालेल्या २६० रोग्यांवर पांच वर्षें या काढ्याचा प्रयोग झाला व १९९५ सालीं त्याचा वृत्तांत आला. काढा घेणाऱ्यांत कर्करोग कमी जणांना झाला. परंतु सर्व रोगी एकत्र धरतां तो फरक निर्णायक ठरला नाहीं, बी विषाणू नसलेल्यांत तेवढा तो स्पष्ट दिसला. आशा वाटावी असाच हा निकाल होता. पण त्याच सुमारास या काढ्यानें फुप्फुसांना सूज येते असें आढळूं लागलें, आणि १९९६ सालीं जपानी सरकारला जाहीर इशारा द्यावा लागला. तोंपर्यंत ८८ जणांस हा विकार होऊन त्यांतले १० दगावले होते. आलें व ज्येष्ठमध हे ज्या काढ्यांत आहेत तो काढा घातक कसा असेल, असें कोणास वाटल्यास नवल नाहीं. परंतु औषधाचा गुण आणि औषधाचा दोष हे एकाच देठावर उगवतात. ज्या पदार्थांत रोग हलविण्याचें सामर्थ्य आहे, त्यांत शरीर हलविण्याचेंहि असणारच.

याहून भयंकर गोष्ट ॲरिस्टोलोकिया या वेलींच्या कुळाची. १९९० नंतरच्या वर्षांत बेल्जममध्यें वजन उतरविण्यासाठीं चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या शंभरांहून अधिक स्त्रियांचीं मूत्रपिंडें निकामी झालीं. दोन निरनिराळ्या मुळ्यांचीं चिनी नांवें जवळजवळ सारखीं असल्यानें एकीच्या जागीं दुसरी पडली होती. पुढें याच कुळांतील विषाच्या खुणा कर्करोगाच्या पेशींतहि शोधतां येऊं लागल्या. २०१७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत तैवानमधील ९८ रोग्यांच्या यकृतांतील गांठी तपासल्या, तेव्हां शंभरीं ७८ या प्रमाणांत त्या विषाची खूण आढळली. म्हणजे ज्या यकृताच्या रक्षणासाठीं लोक वनस्पति घेत, त्या यकृतावर वनस्पतीच उलटल्याचीं चिन्हें दिसलीं. आपल्याकडील ईश्वरी ही याच कुळांतली आहे, हें ध्यानांत असावें.

हा दोष परक्यांच्या माथीं मारून आपणांस सुटतां येत नाहीं. कोविडच्या सांथींत, २०२० च्या अखेरच्या महिन्यांत, मुंबईच्या यकृततज्ज्ञांकडे सहा रोगी असे आले कीं, ज्यांनीं प्रतिकारशक्ति वाढावी म्हणून गुळवेलीचा काढा घेतला होता आणि ज्यांच्या यकृतास इजा झालेली होती. त्यांचा वृत्तांत २०२१ सालीं प्रसिद्ध झाल्यावर आयुष मंत्रालयानें हरकत घेतली कीं, ती खरी गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. वाद तज्ज्ञांचा आहे. पण घरांतल्या माणसाला त्यांतून घेण्यासारखा बोध दोन्ही बाजूंनीं एकच निघतो. वेल खरी असली तरी ती कोणास व किती द्यावी हें कळावें लागतें, आणि खोटी असली तर ती खोटी आहे हें आपणांस ओळखतां येत नाहीं.

आणि भुईआवळी? पावसाळ्यांत आपल्या अंगणांत, कुंपणाशीं उगवणारी ही इवलीशी वनस्पति काविळीवर पिढ्यान्‌पिढ्या देत आलेली आहे. १९८८ सालीं मद्रासच्या संशोधकांनीं लॅन्सेट या वैद्यकीय पत्रांत प्रसिद्ध केलें कीं, बी विषाणू बाळगणाऱ्या ३७ जणांस भुईआवळीचें चूर्ण दिल्यावर २२ जणांच्या रक्तांतून विषाणूची खूण नाहींशी झाली. दुसऱ्या गटांत २३ पैकीं फक्त एकाची झाली. जगभर आनंद झाला. नंतर ठिकठिकाणीं तोच प्रयोग पुन्हां करून पाहिला, पण तें यश कोणास पुन्हां मिळवितां आलें नाहीं. यांत कोणाची लबाडी नव्हती. एका लहान प्रयोगानें आशा दाखवावी व मोठ्या प्रयोगांनीं ती मावळावी, हें विद्येच्या मार्गांत नित्याचेंच आहे. म्हणून 'संशोधनानें सिद्ध' हे शब्द वाचले कीं कितव्या संशोधनानें, असें विचारण्याची संवय असावी.

एवढें वाचून वनस्पति म्हणजे केवळ धोका, असा ग्रह कोणी करून घेऊं नये. कर्करोगावरील कांहीं अव्वल औषधें झाडांच्या सालींतूनच निघालीं आहेत, आणि त्या कथेचीं दोन पानें आपल्या महाराष्ट्रांत लिहिलेलीं आहेत. चीनमध्यें 'शी शू' म्हणजे आनंदवृक्ष नांवाचें एक झाड आहे. त्याचें लांकूड व साल अमेरिकेंत तपासून डॉ. मन्रो वॉल व डॉ. मनसुख वाणी यांनीं १९६६ सालीं कॅम्प्टोथेसिन नांवाचें द्रव्य वेगळें काढलें. हे डॉ. वाणी आपल्या खानदेशांतले. १९२५ सालीं नंदुरबार येथें त्यांचा जन्म झाला, मुंबई विद्यापीठांत त्यांचें शिक्षण झालें, आणि पुढें टॅक्सॉल हें दुसरें विख्यात औषध शोधण्यांतहि त्यांचा वांटा होता. २०२० सालीं ते निवर्तले.

दुसरें पान तर आपल्या दाराशींच लिहिलें गेलें. बोरीवलीहून गाडी चर्चगेटकडे निघाली म्हणजे कांदिवली, मालाड आणि मग गोरेगांव. त्या गोरेगांवांत तेव्हां असलेल्या सीबा संशोधन केंद्रांत डॉ. टी. आर. गोविंदाचारी व एन. विश्वनाथन यांनीं १९७२ सालीं दाखवून दिलें कीं, चिनी आनंदवृक्षांतील तेंच द्रव्य आपल्या सह्याद्रींतल्या एका झाडांतहि आहे. कोंकणांत व घाटमाथ्यावर त्याला नरक्या म्हणतात. त्याच्या घाणेरड्या वासावरून शास्त्रज्ञांनींहि त्याला तसेंच नांव दिलें होतें. ज्याच्याकडे गुराखीहि नाक धरून पाहतो, त्या झाडाच्या सालींत कर्करोगाच्या पेशींना अडविणारें द्रव्य निघावें, हें नवलच. पुढें या नवलाची किंमत त्या झाडांनाच मोजावी लागली. परदेशांत मागणी वाढली तशी कोल्हापूर-सिंधुदुर्गाच्या रानांतून नरक्याची चोरटी तोड सुरू झाली, आणि एके काळीं कोणी न विचारलेलें झाड दुर्मिळ होत चाललें.

परंतु या कथेचा खरा धडा तिच्या कालगणनेंत आहे. १९६६ सालीं सांपडलेलें द्रव्य कांहीं वर्षांतच रोग्यांना देऊन पाहिलें, तेव्हां मूत्राशयास व आंतड्यांस इतकी इजा झाली कीं तो प्रयोग सोडून द्यावा लागला. पेशींच्या कोणत्या कळीवर तें बोट ठेवतें, हें १९८५ सालीं उमगलें. मग त्याच्या रचनेंत फेरफार करून कमी घातक अशीं दोन औषधें तयार झालीं व १९९६ सालीं अमेरिकेंत तीं मान्य झालीं. सालीपासून बाटलीपर्यंत तीस वर्षें लागलीं. त्यांपैकीं इरिनोटेकॅन हें मुख्यतः मोठ्या आंतड्याच्या कर्करोगावर, तो यकृतांत पसरला असतांहि, वापरतात. खुद्द यकृतांत उगम पावलेल्या कर्करोगावर चीनमध्यें कॅम्प्टोथेसिनच्या एका भावंडाचा उपयोग झाला खरा, पण जगांत तें प्रमुख औषध ठरलें नाहीं. येथें एक गोष्ट घरच्यांनीं डॉक्टरांस अवश्य विचारून घ्यावी: रोग यकृतांतच उगवला आहे कीं दुसरीकडून तेथें आला आहे? दोहोंना आपण यकृताचा कर्करोग म्हणतों, परंतु दोहोंचे उपचार निराळे.

आधुनिक उपचारांचें चित्रहि प्रामाणिकपणें पाहिलें पाहिजे. गांठ लहान असतांना कळली तर ती कापून काढणें, उष्णतेनें जाळणें किंवा यकृताचें रोपण करणें, या मार्गांनीं रोग्यास पुष्कळ आयुष्य लाभूं शकतें. वाढलेल्या रोगावर सोराफेनिब नांवाची गोळी आली. तिच्या मुख्य प्रयोगांत रोग्यांचें मध्यम आयुर्मान ७.९ महिन्यांवरून १०.७ महिन्यांवर गेलें, म्हणजे सुमारें तीन महिन्यांची वाढ. एवढ्यासाठीं महिन्याला सुमारें २ लाख ८० हजार रुपये लागत. ९ मार्च १९१२ नव्हे, अगदीं अलीकडे ९ मार्च २०१२ रोजीं पेटंटच्या नियंत्रकांनीं मुंबईंत निर्णय देऊन नॅटको या भारतीय कंपनीस तीच गोळी महिना ८,८८० रुपयांस विकण्याचा परवाना दिला. अशा सक्तीच्या परवान्याचें भारतांतलें हें पहिलेंच उदाहरण. मुंबई उच्च न्यायालयानें २०१४ सालीं तो कायम केला. त्यानंतर याहून अधिक गुण देणारीं औषधेंहि आलीं आहेत. तेव्हां चिनी औषधाचा तपशील जितक्या कठोरपणें तपासावा, तितक्याच कठोरपणें इस्पितळांतील औषधाचाहि तपासावा, आणि 'यानें यांना किती दिवस मिळतील व ते कसे जातील' हें डॉक्टरांस विचारण्यास कचरूं नये.

बोरीवली पूर्वेस राहणाऱ्या आमच्या परिचयाच्या एका कुटुंबांत हा प्रसंग आला होता. सासरे सेवानिवृत्त शिक्षक, वय अडुसष्ट. सिऱ्होसिस होऊन त्यांत गांठ आढळलेली. कोणा स्नेह्याच्या ओळखीनें एक गृहस्थ घरीं आले व चिनी पद्धतीचें चूर्ण महिना अठरा हजार रुपयांस देऊं लागले. इस्पितळांतल्या गोळ्या मात्र बंद केल्या पाहिजेत, अशी त्यांची अट होती. सूनबाईंनीं त्यांना चहा दिला आणि पुडींत काय काय आहे तें कागदावर लिहून मागितलें. "वहिनी, हें पिढीजात आहे, लिहून द्यायचें नसतें. श्रद्धा ठेवा," असें ते म्हणाले. त्यावर त्या शांतपणें म्हणाल्या, "श्रद्धा आम्ही देवाच्या ठिकाणीं ठेवतों. मामंजींच्या पोटांत काय जाणार, तें मला डॉक्टरांना सांगावें लागेल." गृहस्थ पुन्हां आले नाहींत. सासरे त्यानंतर चौदा महिने जगले. त्यांतले बहुतेक दिवस त्यांनीं घरीं, वर्तमानपत्र वाचीत व नातवाचें गणित तपाशीत घालविले. चूर्णानें याहून अधिक झालें असतें कीं कमी, हें कोणीच सांगूं शकत नाहीं. परंतु त्या बाईंनीं विचारलेला प्रश्न योग्य होता, यांत शंका नाहीं.

कोणतेंहि औषध, मग तें चिनी असो, आयुर्वेदी असो, वा इस्पितळांतलें असो, घरांत येण्यापूर्वीं असेच कांहीं प्रश्न विचारून घ्यावे. त्यांत काय आहे, तें नांवनिशीवार लिहून मिळेल काय? तें कोणत्या अवस्थेंतील रोग्यांना देऊन पाहिलें, आणि न घेणाऱ्यांशीं ताडून पाहिलें काय? देणारा मनुष्य चालू उपचार बंद करावयास सांगतो काय? आपल्या डॉक्टरांना तें कळविलें आहे काय? निबर झालेलें यकृत औषधें नीट पचवूं शकत नाहीं, आणि दोन औषधें एकमेकांस मारक होऊं शकतात. तेव्हां डॉक्टर रागावतील या भीतीनें काढा लपविणें सर्वांत वाईट. कर्करोग हमखास बरा करतों अशी जाहिरात दिसली, तर ती १९५४ च्या कायद्यानेंच मना आहे, हें ओळखून तेथूनच परत फिरावें. उलट एखाद्या मान्य रुग्णालयांत वनौषधीचा रीतसर प्रयोग चालू असेल व डॉक्टर त्यांत भाग घेण्यास सांगत असतील, तर तो मार्ग सन्मानाचा आहे. वाणींनीं व गोविंदाचारींनीं जें केलें, त्याचाच तो पुढचा दुवा.

घरच्यांना कांहींतरी करावेंसें वाटतें, त्यांच्यासाठीं पुष्कळ काम आहे. कावीळ म्हटली कीं आपण रोग्याचें तेल, हळद, डाळ सारें बंद करून त्याला उंसाच्या रसावर ठेवतों. सिऱ्होसिसच्या रोग्याला अशी उपासमार मारक आहे; त्याचे स्नायु झपाट्यानें झडतात. डॉक्टरांच्या सल्ल्यानें डाळ, दूध, दहीं पुरेसें द्यावें, खाणें थोडें थोडें पण वारंवार असावें, आणि रात्रीं निजण्यापूर्वीं कांहींतरी पोटांत घालावें. वेदना असतील तर त्या सोसण्यांत पुण्य नाहीं. वेदनाशमन हाहि उपचारच आहे, तो मागून घ्यावा.

शेवटीं सर्वांत महत्त्वाची गोष्ट. यकृताचा कर्करोग झालेल्या माणसाच्या रक्तांत बी विषाणू सांपडला, तर तो निरोप त्याच्या एकट्यासाठीं नसतो. त्याची पत्नी, त्याचीं भावंडें व मुलें या सर्वांची रक्ततपासणी लगेच करावी. वर सांगितलेल्या सूनबाईंनीं ती करून घेतली, तेव्हां सासऱ्यांच्या एका धाकट्या भावाच्या रक्तांत तोच विषाणू निघाला. त्यांना कांहींच त्रास नव्हता. आज ते गोळी घेतात व दर सहा महिन्यांनीं सोनोग्राफी करवितात. बी विषाणू गोळ्यांनीं दाबून ठेवतां येतो. सी विषाणू तर साधारणतः बारा आठवड्यांच्या गोळ्यांनीं शंभरांतील पंचाण्णवांच्या रक्तांतून निघून जातो. २०१८ पासून सरकारच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतून ही तपासणी व औषधें विनामूल्य मिळण्याची सोय झाली आहे. नवजात बालकाला पहिल्या चोवीस तासांतच बी विषाणूची लस टोंचून घ्यावी. तैवाननें १९८४ सालीं ही लस द्यावयास आरंभ केला, आणि पुढें तेथील मुलांतील यकृताच्या कर्करोगाचें प्रमाण निम्म्यावर आलें. ज्या प्रौढांनीं ती कधीं घेतली नाहीं त्यांनींहि डॉक्टरांस विचारावें. आणि उपवासाच्या खिचडीसाठीं दाण्याचें कूट करतांना बुरसलेले, काळे पडलेले, कडवट दाणे निवडून टाकावे. १९७४ सालीं गुजराथ-राजस्थानच्या सीमेवर बुरसलेल्या मक्यानें शंभरांहून अधिक माणसें यकृताच्या विकारानें दगावलीं होतीं.

चिनी वनस्पतींतून उद्यां या रोगावर मोठें औषध निघणार नाहीं, असें कोणीहि म्हणूं नये. नरक्याच्या सालीकडे पाहिल्यावर तर नाहींच नाहीं. पण तें निघेपर्यंत वाट पाहण्याची पाळी घरांतील पुढच्या माणसावर येऊं न देणें, हें आज आपल्या हातीं आहे. रक्ताची एक तपासणी आणि लशीचे तीन डोस, एवढ्याचीच त्याला गरज आहे.